आमची खोली, त्यांचा डेस्कटॉप

आमच्या नव्या डिझाइनप्रमुखाने पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांना डोळे मिटायला लावले. आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला. शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम चालू, त्यामुळे दिवसभर ड्रिलचा आवाज. त्या आवाजात आम्ही सगळी चांगली कर्तीसवरती माणसं डोळे मिटून बसलो.

"आता आपापलं घर आठवा," तो म्हणाला. "चावी कुठे आहे? कात्री कुठे आहे? आठवलं ना लगेच? आता सांगा, गेल्या महिन्यात सेव्ह केलेली फाइल कुठे आहे? नाही आठवत. का? कारण घराला खोली असते यार, आणि आपली स्क्रीन सपाट असते."

माझ्या घरातली कात्री गणपतीपासून सापडत नव्हती. पण त्याचा पहिला दिवस होता, मी डोळे मिटूनच राहिले.

मग त्याने डोळे उघडायला सांगितले आणि स्लाइड दाखवली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: खोलीला खोली असते. रूमलाही खोली म्हणतात आणि डेप्थलाही, हा शोध त्याला नुकताच लागलेला दिसत होता. मुलुंडच्या चांगल्या सोसायटीत वाढलेला, परदेशात शिकून आलेला, माझ्यापेक्षा बराच लहान. मातृभाषेतला एक शब्दखेळ त्याला विमानात की कुठे सुचला, आणि त्यापायी आमचं अख्खं वर्ष गेलं.

आमची कंपनी काय करते ते सांगायला हवं. ऑफिसांसाठी डेस्कटॉप बनवते. म्हणजे पतपेढीतला, हॉस्पिटलातला, कारखान्यातला माणूस सकाळी कॉम्प्युटर चालू करतो तेव्हा समोर जो पडदा येतो, ज्यावर त्याच्या फाइली, बिलं, रजेचे अर्ज, मेल सगळं मांडलेलं असतं, तो पडदा आमचा. त्या पडद्यावर काय कुठे असावं आणि कसं दिसावं हे ठरवायचं काम मी कित्येक वर्षं करते आहे. त्या माणसाला आमच्या पडद्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला काम उरकून घरी जायचं असतं. मला तो माणूस नेहमीच आमच्यापेक्षा शहाणा वाटत आला आहे.

मी लागले तेव्हा बटणं फुगलेली असायची. काचेसारखी चकचकीत, वर उजेड, खाली सावली, जेली भरल्यासारखी. एका बटणावर मी दोन दोन दिवस चमक चढवत बसायचे. मग एक साहेब आले आणि म्हणाले, सावली म्हणजे खोटेपणा, पडदा सपाट आहे तर सपाट दिसू दे. आम्ही सगळं इस्त्री फिरवल्यासारखं सपाट केलं. ते इतकं सपाट झालं की बटण कुठलं आणि नुसता मजकूर कुठला हे लोकांना कळेना. मग आम्ही बटणांभोवती बारीक रेघा काढल्या आणि त्याला सुधारणा म्हटलं. दोन्ही वेळा टाळ्या वाजल्या. दोन्ही वेळा केक कापला. आता तिसरा आला होता आणि त्याला सपाटाचं थेट घर करायचं होतं: कॉम्प्युटर उघडला की समोर एक खोली दिसणार, माऊसने मान वळवल्यासारखं त्या खोलीत चारी बाजूंना बघता येणार, फाइली फळीवर ठेवलेल्या, मेल दाराशी पडलेली, जुनी बिलं माळ्यावर.

"आणि कचरापेटी?" मी विचारलं.

"दाराबाहेर," तो म्हणाला. त्याने त्याचाही विचार केलेला होता.

पुढच्या आठवड्यात त्याने आम्हाला आरे कॉलनीत नेलं. डेप्थ अनुभवायला. बसमधून उतरून आम्ही झाडीतल्या रस्त्याने चालत गेलो. तो मध्येच थांबायचा आणि हात पुढे करायचा. "बघा, हे झाड जवळ आहे. ते झाड लांब आहे. आपल्याला कोणी शिकवलं का हे?" आमच्यातली एक मुलगी, जिने आदल्याच महिन्यात नोकरी धरली होती, ती वहीत लिहून घेत होती. काय लिहीत होती देव जाणे. जवळ झाड, लांब झाड. तबेल्याच्या बाजूने एक म्हैस सावकाश आमच्या दिशेने आली, तसा आमचा प्रमुख दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "हे, हेच! वस्तू जवळ आली की महत्त्वाची वाटते." त्याचे पांढरे बूट शेणात गेले होते. मला त्या म्हशीचं कौतुक वाटलं. त्या सबंध दुपारी मुद्द्याचं काही केलं असेल तर ते तिने.

तिथेच, डबे उघडून बसलो असताना, माझ्या तोंडून निघून गेलं की मी कांजूरमार्गला चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढले. कोणीतरी घरांच्या आकाराबद्दल बोलत होतं, म्हणून मी सहज बोलले. प्रमुखाने चमचा खाली ठेवला.

"दहा बाय बारा? आणि माणसं किती?"

"आम्ही चौघं भावंडं, आई, बाबा. शिवाय गावाहून कोणी ना कोणी आलेलं असायचंच."

"आणि सामान?"

"सामान वर. माळ्यावर, फळ्यांवर, कॉटखाली, खिळ्यांना."

तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं मी एखाद्या गुहेतून चालत आले होते. "तुला कळतंय का तू काय सांगतेयस? हाच तर ओरिजिनल थ्री-डी इंटरफेस आहे! आपण बाहेर शोधत बसलो, आणि हे आपल्या टीममध्येच आहे!"

मी सांगितलं की त्यात इंटरफेस वगैरे काही नव्हतं. जागा नव्हती म्हणून सामान वर जायचं. आणि कुठली वस्तू कुठे आहे हे खोली बघून कोणालाच कळायचं नाही. ते फक्त आईला माहीत असायचं. आम्ही ओरडून विचारायचो आणि ती चुलीपासून न उठता, वैतागून सांगायची. "म्हणजे खरं तर आपल्याला शोधायची एक चांगली चौकट हवी," मी म्हटलं. "नाव टाइप केलं की फाइल समोर."

"सर्च बॉक्स?" तो म्हणाला. "ते किती फ्लॅट आहे यार."

ती खोली आता नाही. त्या चाळीच्या जागी टॉवर झाला, आणि आई गेल्यावर बाबा माझ्याकडे कांदिवलीला राहायला आले. प्रमुखाला त्यांना भेटायचं होतं. मी टाळत राहिले, तर त्याने एका रविवारी सकाळी खालूनच फोन केला. बरोबर कॅमेरा घेऊन आलेला एक माणूस आणि आरेत लिहून घेणारी ती मुलगी.

बाबांना मी ओळखून आहे. ते कोकणातून मुंबईला आले, गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले, आणि या सगळ्यात त्यांना कोणी कधी बसवून काही विचारलं नव्हतं. आता समोर कॅमेरा होता आणि परदेशात शिकलेला साहेब जमिनीवर मांडी घालून बसला होता. खुर्च्या होत्या, पण त्याला जमिनीवरच बसायचं होतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सुरुवात केली.

"आमच्या खोलीत, साहेब, आंधळ्याला पण वस्तू सापडायची. सगळा जागच्या जागी. हय तांदळाचा डबा, हय कपडे, वर माळ्यावर गावचं सामान. रात्रीचा दिवा नसला तरी हात घातला की वस्तू हातात."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. रोज सकाळी "माझो चष्मो खय गेलो?" म्हणून सगळी चाळ डोक्यावर घेणारा हाच माणूस. एकदा त्यांनी रेशनकार्डासाठी सगळी खोली उपसली होती आणि ते त्यांच्याच खिशात निघालं होतं.

"काका, म्हणजे तुमच्या मनात खोलीचा नकाशा होता," प्रमुख म्हणाला.

"नकाशा म्हणजे काय, पाठच होती खोली," बाबा म्हणाले. त्यांनी एवढ्यात तो शब्दही उचलला. "नकाशाच तो. मीच केलेला सगळा."

"आणि काकू?"

"ती असायची ना. जेवण करायची."

ती मुलगी तेही लिहून घेत होती. मी आत जाऊन चहा टाकला. माझा राग कोणावर जास्त होता, साहेबावर की बाबांवर, ते मला आजही सांगता येणार नाही. पाहुणे गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "इतकं खोटं कशाला बोललात?"

"कित्याक? त्याका बरा वाटला ना?" ते म्हणाले. "एवढो लांबसून इलो तो."

मुलुंडहून कांदिवलीला.

मग मला ती खोली कॉम्प्युटरवर बांधायला लागली, कारण ती बघितलेली टीममध्ये मी एकटीच. मी ती होती तशी केली. प्रमुखाने बघितली आणि म्हणाला, झकास, फक्त थोडी गर्दी आहे. त्याने भिंती मागे सरकवायला लावल्या. छत उंच करायला लावलं. देवांचा फोटो काढला, कारण गिऱ्हाईक कुठल्याही धर्माचं असू शकतं. हे मला पटलं. पण त्या जागी त्याने एक कुंडी ठेवली, ज्यात पाम होता. आमच्या खोलीत पाम! मोरी काढली, कारण ऑफिसच्या डेस्कटॉपवर मोरी बरी दिसत नाही. आईच्या चुलीचं त्याने "क्विक ॲक्सेस" केलं: रोज लागणाऱ्या फाइली तिथे ठेवायच्या. कॉटखाली गिऱ्हाइकांची खाती. खिडकीतून मी समोरच्या चाळीची भिंत दाखवली होती, कारण खरोखर तीच दिसायची. तिथे त्याने समुद्र घातला.

"कांजूरला समुद्र नाही," मी म्हटलं.

"कांजूर लिटरली घेऊ नकोस गं. फीलिंग घे."

त्या खोलीत शेवटची काही वर्षं फीलिंग जवळच्या डंपिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याच्या वासाचं होतं. तसं मी बोललेही. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद करते आहे. माझ्या सगळ्या तिरकस बोलण्यावर तो असाच मनापासून हसायचा, आणि त्यामुळे त्याचा अपमान करणं अशक्य होतं.

वरच्या साहेबांसमोर डेमो झाला तेव्हा मोठ्या पडद्यावर आमची खोली हळूहळू फिरली. कोणीतरी "वॉव" म्हणालं. प्रमुखाने मला उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं की ही मुलगी या खोलीत वाढली. मुलगी! टाळ्या वाजल्या. कशासाठी वाजल्या ते मला कळलं नाही. दहा बाय बारात वाढण्याची टाळी मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्या चाळीत सगळेच तसे वाढले होते आणि कोणी वाजवली नव्हती.

एका साहेबांना पाचेक मिनिटांत मळमळायला लागलं आणि ते पाणी प्यायला बाहेर गेले. प्रमुख म्हणाला, डोळ्यांना सवय नाही म्हणून होतं.

चाचणीसाठी मुलुंडची एक पतपेढी तयार झाली. तिथल्या चेअरमनना नवं काही मिळतंय याचाच आनंद होता. सोमवारी सकाळी त्यांच्या कॉम्प्युटरांवर खोली चालू केली आणि दुपारच्या आत माझा फोन वाजला. कॅश काउंटरवरच्या बाई होत्या.

"मॅडम, मी पंख्याकडे बघतेय."

"म्हणजे?"

"अहो, तुमची ती खोली. माऊस जरासा हलला आणि मी वरच बघायला लागले. छत दिसतंय, पंखा फिरतोय. खाली कसं यायचं?"

"माऊस दाबून धरा आणि अंगाकडे ओढा."

"ओढला. आता भिंत दिसतेय. खूप जवळून." मग मागे कोणावर तरी खेकसल्या, "अहो काका, थांबा जरा, मी भिंतीत अडकलेय!" आणि पुन्हा मला, "इथे माणसं उभी आहेत मॅडम. खात्याचं पान कुठे आहे?"

"कॉटखाली बघा."

एवढं बोलल्यावर माझेच शब्द मला ऐकू आले. मी, एक शिकलेली बाई, पगारी नोकरीत, पतपेढीच्या कॅशियरला सांगत होते की गिऱ्हाइकाचं खातं कॉटखाली बघा. बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला दुसरं काही काम नाहीये का?"

मी हे सगळं जसंच्या तसं प्रमुखाला जाऊन सांगितलं. त्याने डोळे बारीक केले. "पंख्याकडे बघत होती? इंटरेस्टिंग. म्हणजे ती एक्सप्लोर करतेय." आणि पुढच्या बैठकीत खरंच तशी स्लाइड आली: लोक खोलीत रमतात. पतपेढीतल्या लोकांनी त्या आठवड्यात कुठूनतरी जुना पडदा परत चालू करून घेतला होता. मग ते दिवसभर जुन्यावर काम करायचे आणि चेअरमन फेरी मारायला आले की खोली उघडायचे. चेअरमननी आम्हाला लेखी कळवलं की कर्मचारी अत्यंत समाधानी आहेत.

तो प्रकार बंद कोणी केला ते कोणालाच नक्की माहीत नाही. कोणी "चुकलं" म्हणालं नाही. आधी खोलीच्या कोपऱ्यात "सोपा पडदा" नावाचं एक बटण आलं. मग तो सोपा पडदाच आधी उघडायला लागला आणि खोलीसाठी बटण उरलं. मग तेही गेलं. खिडक्यांच्या कडेला एक अगदी हलकी सावली तेवढी राहिली, आणि तिला आता आम्ही गिऱ्हाइकांसमोर "डेप्थ" म्हणतो. यावेळीही केक कापला. मी माझा तुकडा टेबलावर तसाच ठेवून दिला.

प्रमुख तोवर दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला होता. जाताना त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, तुझ्या खोलीने माझं करिअर बदललं. ते खरं निघालं. तो आता ठिकठिकाणी भाषणं देतो. एका भाषणाचं चित्रण मला ऑफिसातल्या कोणीतरी पाठवलं. त्यात बाबा आहेत, इस्त्रीच्या शर्टात, हात वर करून माळा दाखवताना. खाली लिहिलं आहे, "मुंबईचा एक स्पेशल थिंकर." मी ते बाबांना दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी गावाला फोन करकरून सांगितलं असतं, आणि पुन्हा शर्टाला इस्त्री सुरू झाली असती.

पण बाबांची गोष्ट इथे संपली नाही. काम चालू असताना मी एक जुना लॅपटॉप घरी आणला होता, त्यात ती खोली होती. बाबांना मी एकदा ती उघडून दाखवली आणि त्यांना नाद लागला. माऊस त्यांना पतपेढीतल्या बाईंपेक्षा बरा जमायचा, कारण त्यांना घाई नव्हती. रोज संध्याकाळी खालचा फेरफटका झाला की ते लॅपटॉपसमोर बसायचे आणि खोलीत फिरायचे. मला ते बघवत नसे. ज्या वेडगळपणावर मी वर्षभर दात खात होते, तो माझ्या घरात, माझ्याच डायनिंग टेबलावर, माझा सख्खा बाप कौतुकाने बघत बसायचा.

तक्रारीही असायच्या. "मोरी खय आसा?"

"काढली."

"मग आंघोळ खय करायची?"

"तिथे कोणी आंघोळ करत नाही, बाबा. ऑफिसचं काम करतात."

"आणि हे डबे कसले?"

"फाइली आहेत."

"आमच्या खोलीत दुसऱ्याच्या फाइली कित्याक?"

हा प्रश्न वर्षभरात कंपनीत कोणी विचारला नव्हता. शेवटी एका रविवारी मी बसले आणि एकेक करून सगळं काढून टाकलं. डबे, फाइली, बिलं, पाम, बटणं, खिडकीतला समुद्र. चूल पुन्हा नुसती चूल केली. मोरी घातली, त्यांना हवी त्या बाजूला. देवांचा फोटो लावला. मग त्यांना बोलावलं. ते आले, चष्मा लावला, आणि सावकाश खोली फिरवली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. कॉटवरून दारापर्यंत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते. वाटत होतं की आता यांच्या डोळ्यांत पाणी येणार, आणि मला त्याचीही थोडी चीड यायला लागली होती.

ते म्हणाले, "ही आमची खोली नाय."

"का? मोरी घातली ना?"

"येवढी जागा खय होती गो?"

भिंती त्या साहेबाने मागे सरकवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या होत्या. मी म्हटलं, पुढे आणते, दोन मिनिटांचं काम आहे. त्यांनी मान हलवली. "नको. आणलंस तरी तुझी आई खय बसतली?" ते रागाने बोलले नाहीत, रडलेही नाहीत. दुकानदाराने चुकीच्या मापाची चप्पल दाखवावी तसं त्यांनी ते परत केलं. तरी माझ्या मनात आलंच, की साहेबाला सांगताना आई फक्त जेवण करायची, आणि आता बसायला जागा हवी.

त्यांनी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, यात पत्ते येतात का. येतात, म्हटलं. मी त्यांना साधा पत्त्यांचा खेळ लावून दिला, हिरव्या पाटावर सरळ रांगा, आणि ते खेळायला लागले. मधूनच ते स्वतःशी पुटपुटायचे, राजा अडकला म्हणून. खोलीची फाइल मी तशीच दोन दिवस ठेवली आणि मग काढून टाकली. कोणी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसात नवीन प्रमुख आल्या आहेत. पहिल्या मीटिंगला त्यांनी आम्हाला खोल श्वास घ्यायला सांगितला. पडदाच नको, असं त्यांचं म्हणणं आहे; माणसाने नुसतं हवेत बोलायचं आणि काम व्हायचं. मी श्वास घेतला.